कॉन्ट्रॅक्टवर स्मार्टफोन घ्यायचा की साधा फोन आणि वेगळा प्लेअर? पहिल्यांदाच ठरवणाऱ्यांसाठी

हा प्रश्न नवा नाही, २००७ पासून चालू आहे. त्या वर्षी अ‍ॅपलने आयफोन आणला, अमेरिकेत तो एटीअँडटी या मोबाइल कंपनीच्या दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे ठरावीक काळ दर महिन्याला बिल भरायच्या करारावर मिळायचा, आणि काही महिन्यांतच आयपॉड टच आला, दिसायला जवळपास तसाच, फक्त त्यात फोन नाही आणि महिन्याचं बिलही नाही. मग लोक विचारायला लागले की खिशात साधा फोन आहेच, गाणी-व्हिडिओसाठी हा टच घेतला तर ते बिल कशाला भरायचं? पुढे आयपॉड टच २०२२ च्या मे महिन्यात बंद झाला, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की वेगळ्या प्लेअरचा विषयच संपला. तसं काही नाहीये, प्लेअर अजून बनतायत, साधे फोनही बनतायत, आणि कॉन्ट्रॅक्ट तर पूर्वीपेक्षा लांब झालेत.

खाली जे लिहिलंय ते ज्यांनी कधी कॉन्ट्रॅक्ट घेतलेलं नाही किंवा ज्यांना प्लेअर म्हणजे नक्की काय घ्यायचं तेच कळत नाही अशांसाठी आहे. क्रमाने गेलात तर बरं, कारण पहिली पायरी सोडून लोक थेट मॉडेल बघायला लागतात आणि मग सगळं गाडं तिथेच अडकतं.

पायरी १: बाहेर असताना खरंच काय लागतं ते लिहून काढा

एक आठवडा नोंद ठेवा. घराबाहेर असताना फोन काढून काय केलं, तेवढंच. दोन रकाने करा: एकात ज्यासाठी तिथल्या तिथे नेट लागलंच असतं त्या गोष्टी, दुसऱ्यात ज्या घरून वाय-फायवर भरून नेल्या असत्या तरी चाललं असतं त्या.

दुसरा रकाना बहुतेकांचा वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो. गाणी, पॉडकास्ट, ऑडिओबुक, सिरीयलचे एपिसोड, वाचायचे लेख, सगळं आधी भरता येतं. नकाशेसुद्धा, आजकाल बऱ्याच नकाशा अ‍ॅपमध्ये एखाद्या भागाचा नकाशा उतरवून ठेवता येतो आणि जीपीएसला नेट लागत नाही, तो फक्त उपग्रहाचा सिग्नल ऐकतो. ट्रॅफिक कुठे तुंबलंय ते मात्र नेटशिवाय कळणार नाही.

पहिल्या रकान्यात काय येतं ते नीट बघा, कारण निर्णय तिथेच होतो. कामाचे मेसेज ज्यांना लगेच उत्तर द्यावं लागतं, टॅक्सी बोलावणं, मोबाइलवरून पैसे देणं, बँकेचं अ‍ॅप. ओटीपी जर एसएमएसने येत असेल तर तो साध्या फोनवरही येतो, काही अडत नाही. जे कोड दर ३० सेकंदांनी बदलतात त्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपला तर नेटच लागत नाही, घड्याळ बरोबर असलं की झालं, त्यामुळे ते सिम नसलेल्या प्लेअरवरही चालतं. पण काही बँकांची अ‍ॅप नोंदणी केलेलं सिम त्याच फोनमध्ये आहे का ते तपासतात, तिथे वेगळा प्लेअर उपयोगाचा नाही. तुमची बँक कशी वागते ते आधीच बघून ठेवा, नंतर नको.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं सांगतो. पूर्वी कायओएस (बटणांच्या फोनसाठीचं सॉफ्टवेअर) असलेल्या फोनवर ते चालायचं, तो सपोर्ट २०२५ मध्ये संपला. म्हणजे बटणांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप मिळेल या भरवशावर आता काही ठरवू नका. सिम नसलेल्या अँड्रॉइडवर मात्र ते चालू शकतं, नोंदणीचा कोड साध्या फोनवर घ्यायचा आणि तिथे टाकायचा. मेसेज फक्त वाय-फाय मिळेल तेव्हा येतील एवढंच.

आता डेटा किती लागतो ते. सेटिंगमध्ये गेल्या महिन्याचा मोबाइल डेटा दिसतो, तो आकडा बघा. अजून स्मार्टफोनच नसेल तर असा अंदाज धरा: १६० केबीपीएसवर (म्हणजे सेकंदाला १६० किलोबिट, आकडा मोठा तेवढा आवाज चांगला) एक तास गाणी ऐकली की साधारण ७२ एमबी जातात, ३२० केबीपीएसवर १४४. रोज दोन तास १६० वर ऐकलं तर महिन्याला सव्वाचार जीबीच्या आसपास. व्हिडिओचं गणित वेगळं, एचडीला तासाला १ ते ३ जीबी सहज लागतात. म्हणजे नुसती गाणी ऐकणाऱ्याला कोणी अमर्याद डेटाचा महागडा प्लॅन विकत असेल तर तो कशासाठी, हे त्यालाच विचारा.

पायरी २: कॉन्ट्रॅक्ट हातात घ्या आणि जाहिरात बाजूला ठेवा

जाहिरातीत एकच आकडा मोठा असतो, महिन्याचा हप्ता. बाकी सगळं बारीक अक्षरात. तुम्हाला ते बारीक अक्षरच वाचायचंय.

सगळ्यात आधी मुदत. युरोपीय संघात सुरुवातीचा करार २४ महिन्यांपेक्षा जास्त बांधता येत नाही, पण त्याला वळसा असा की फोनच्या हप्त्यांचा करार वेगळा आणि सेवेचा वेगळा ठेवतात आणि मग हप्ते ३६ महिने किंवा त्याहून लांब चालतात. हे जगात बऱ्याच ठिकाणी दिसतं. म्हणून विचारायचं ते असं: फोनचे हप्ते किती महिने, प्लॅन किती महिने, आणि प्लॅन सोडला तर फोनचं काय? बऱ्याचदा उत्तर येतं की उरलेले हप्ते एकदम भरा. काही ठिकाणी तर फोनवरची सूट ही दर महिन्याच्या बिलात थोडी थोडी परत मिळते, आणि तुम्ही मध्येच सोडून गेलात की उरलेली सूट गायब. "फुकट फोन" असं जिथे लिहिलेलं असतं तिथे हाच प्रकार असण्याची शक्यता जास्त.

मग दरवाढ. करार चालू असताना महिन्याचं बिल वाढवता येतं का, आणि किती? ब्रिटनमध्ये पूर्वी कंपन्या महागाईच्या दराला जोडून दरवर्षी बिल वाढवायच्या, ते किती वाढणार हे सही करताना कोणालाच माहीत नसायचं. तिथल्या ऑफकॉम या नियामकाने जानेवारी २०२५ पासून नव्या करारांत हे बंद केलं, आता वाढ करायचीच असेल तर नक्की किती रक्कम आणि कधी हे आधी सांगावं लागतं. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, तुम्ही विचारा आणि लेखी मागा.

तिसरं, लॉक. कॉन्ट्रॅक्टवरचा फोन त्याच कंपनीच्या सिमवर चालेल असा लॉक केलेला असू शकतो. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून असे लॉक केलेले फोन विकायला कंपन्यांना बंदी आहे, सगळीकडे नाही. लॉक असेल तर कधी उघडून देणार, आपोआप की अर्ज करून, त्याचे पैसे पडतात का, हे तीन प्रश्न.

चौथं म्हणजे मुदत संपल्यावर काय होतं. हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. फोनचे पैसे फिटले तरी बिल कमी होत नाही, तसंच चालू राहतं, कारण करारात फोन आणि सेवा एकत्र कालवलेले असतात. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्थेने हेच उघडकीला आणलं होतं की मुदत संपलेले ग्राहक आधीच फिटलेल्या फोनचे पैसे भरत बसलेत. म्हणून फोनचा हप्ता आणि सेवेचं बिल वेगवेगळं दाखवणारा करार मिळाला तर तोच घ्या, डोळ्यांना दिसतं तरी काय चाललंय ते.

विमा, जास्तीची वॉरंटी, "पहिले काही महिने मोफत" सबस्क्रिप्शन ही सगळी वरची झालर. हवी असेल तर घ्या पण टिकमार्क आधीच लावलेला नाही ना ते बघा. आणि हो, अशा करारासाठी बऱ्याच ठिकाणी तुमची पत तपासतात आणि हप्ता चुकला तर त्याची नोंद होते. हे कर्ज आहे.

पायरी ३: सगळं एकाच मुदतीला आणून बेरीज करा

लोक काय करतात, कॉन्ट्रॅक्टचा एका महिन्याचा हप्ता आणि प्लेअरची पूर्ण किंमत शेजारी ठेवतात, आणि साहजिकच हप्ता छोटा दिसतो. दोन्ही २४ महिन्यांवर आणा.

पैशांची नावं न घेता करू म्हणजे कुठेही लागू पडेल. समजा एखाद्या स्मार्टफोनची रोख किंमत १०० आहे. नुसत्या सिमचा, म्हणजे फोन न घेता फक्त कॉल-डेटाचा प्लॅन महिना ३ ला मिळतो. कॉन्ट्रॅक्टमध्ये सुरुवातीला १० भरा आणि मग महिना ८.५. (हे आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमचे तुम्ही घाला.)

कॉन्ट्रॅक्ट: १० आणि २४ × ८.५ म्हणजे २०४, एकूण २१४.
फोन रोख घेऊन नुसतं सिम: १०० आणि २४ × ३ म्हणजे ७२, एकूण १७२.
साधा फोन ८, प्लेअर ३०, मेमरी कार्ड वगैरे ६, आणि छोटा प्लॅन महिना १.५ म्हणजे ३६, एकूण ८०.

पहिल्या दोन ओळींतला ४२ चा फरक म्हणजे तुम्ही हप्त्याच्या सोयीसाठी दिलेली किंमत. फोन तोच, नेटवर्क तेच. हप्ता वाजवी आहे का हे एका झटक्यात बघायचं असेल तर रोख किमतीतून सुरुवातीची रक्कम वजा करा, उरलेल्याला महिन्यांनी भागा, त्यात नुसत्या सिमचा प्लॅन मिळवा. वरच्या उदाहरणात ९० भागिले २४ म्हणजे ३.७५, अधिक ३, म्हणजे ६.७५. कोणी ६.७५ किंवा त्याखाली देत असेल तर कॉन्ट्रॅक्ट खुशाल घ्या, बिनव्याजी पैसे मिळतायत. ८.५ मागत असेल तर वरचे १.७५ दर महिन्याला कशाचे, ते त्याला विचारा. यात एक पथ्य पाळा, नुसत्या सिमचा प्लॅन तुलनेला घेताना त्यात कॉन्ट्रॅक्टइतकाच डेटा असलेला घ्यायचा, नाहीतर हिशोब वाकडा होतो.

मुदत वाढवली की हप्ता गोड दिसतो. तोच फोन ३६ महिन्यांवर महिना ६.५ ला दिला तर? हप्ता कमी झाला पण एकूण २४४ झाले, रोख आणि सिम धरून ३६ महिन्यांचे होतात २०८. शिवाय तिसऱ्या वर्षी बॅटरी थकलेली असते. लिथियम बॅटरीचं बऱ्याच फोनमध्ये असं असतं की साधारण ५०० पूर्ण चार्जिंगनंतर तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते, काही नव्या फोनमध्ये हा आकडा १००० पर्यंत गेलाय. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर ५०० म्हणजे दीड वर्षाहून कमी काळ. अपडेटची मुदतही बघा. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून ७ वर्षांचे अपडेट जाहीर केलेत, पण स्वस्तातल्या मॉडेलला एवढे मिळतातच असं नाही, आणि हप्ते अजून चालू आहेत पण सिक्युरिटी अपडेट बंद झालेत अशी वेळ यायला नको.

तिसरी ओळ, ८० वाली, बघून हुरळून जाऊ नका. ती स्वस्त आहेच, पण ती तेव्हाच खरी जेव्हा तुम्ही दोन वर्षं त्यावर टिकता. सहा महिन्यांत कंटाळून स्मार्टफोन घेतलात तर ४४ चं सामान कपाटात जाणार आणि वर नवा खर्च. म्हणून पायरी १.

पायरी ४: प्लेअर म्हणजे नक्की कोणता

बाजारात ढोबळ तीन जाती आहेत आणि चौथा एक प्रकार आहे जो बहुतेकांच्या घरातच पडलेला असतो.

पहिली जात म्हणजे कपड्याला अडकवायचे छोटे, छोटा स्क्रीन किंवा स्क्रीनच नाही. पळताना, व्यायामाला उत्तम, पडले तरी दुःख नाही. त्यात फाइल टाकायच्या आणि वाजवायच्या, बाकी काही नाही.

दुसरी, कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असलेले ऑडिओ प्लेअर, फिओ, शानलिंग, हायबी अशा कंपन्या बनवतात. आवाज चांगला, बॅटरी बऱ्यापैकी, वायरच्या हेडफोनला जागा असते. आयफोन ७ ने २०१६ मध्ये ३.५ मिमीचं भोक काढून टाकलं आणि मग हळूहळू बाकीच्यांनीही, तेव्हापासून ज्यांच्याकडे चांगले वायरवाले हेडफोन आहेत त्यांना हे प्लेअर जवळचे वाटायला लागले. पण यातल्या बऱ्याच मॉडेलवर स्ट्रीमिंग अ‍ॅप टाकता येत नाहीत. नवखे इथेच फसतात, "ब्लूटूथ, वाय-फाय" असं खोक्यावर वाचून समजतात की स्पॉटिफाय चालेल. वाय-फाय असणं आणि अ‍ॅप टाकता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, "अँड्रॉइड" आणि "प्ले स्टोअर" हे दोन शब्द दिसल्याशिवाय तसं धरू नका.

तिसरी, अँड्रॉइडवाले प्लेअर. सोनीच्या वॉकमन मालिकेत आहेत, वरच्या कंपन्यांचेही आहेत. अ‍ॅप चालतात, गाणी उतरवून ठेवता येतात. पण अँड्रॉइडची जुनी आवृत्ती असते, अपडेट फारसे येत नाहीत आणि किंमत बघितली की एखादा बरा स्मार्टफोन येईल असं वाटतं, आणि येतोही.

म्हणून चौथा प्रकार: जुना स्मार्टफोन, सिम काढलेला. आयपॉड टच म्हणजे तरी काय होतं, फोन नसलेला आयफोनच. स्क्रीन मोठा, जीपीएस आहे, कॅमेरा आहे, अ‍ॅप सगळी चालतात, पैसे शून्य. बॅटरी बदलून घेतली की अजून काही वर्षं जातो. मला विचाराल तर नवा प्लेअर विकत घेण्याआधी हेच करून बघा, आणि ज्याला आवाजाच्या दर्जाचं खरंच वेड आहे किंवा बटणं न बघता दाबायची आहेत त्यानेच वेगळा प्लेअर घ्यावा. फक्त ज्या जुन्या फोनचे अपडेट बंद झालेत त्यावर बँक आणि मुख्य ईमेल ठेवू नका, गाण्यांपुरता ठेवा.

मेमरी कार्डबद्दल एक गोष्ट, दुकानात कोणी सांगत नाही. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि त्यापुढची एक्सफॅटमध्ये. स्वस्तातले कित्येक प्लेअर फक्त पहिली वाचतात. १२८ जीबीचं कार्ड घालून "कार्ड ओळखत नाही" आलं की कार्ड खराब आहे असं समजून लोक परत करायला जातात. प्लेअरच्या माहितीत जास्तीत जास्त किती जीबीचं कार्ड चालतं ते लिहिलेलं असतं, ते बघून घ्या.

पायरी ५: साधा फोन

इथे एकच गोष्ट खरी महत्त्वाची: तो ४जीवर कॉल करू शकतो का, म्हणजे व्होल्टी आहे का. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये झालं, युरोपातही एकेक देश करत चाललाय. त्यामुळे ड्रॉवरमधला जुना दणकट बटणवाला फोन चालू होईल, लाइट लागेल, पण नेटवर्क मिळेलच असं नाही. आणि नुसतं ४जी लिहिलेलं असून भागत नाही, तुमच्या कंपनीच्या नेटवर्कवर त्या मॉडेलचं व्होल्टी चालतं का हे कंपनीलाच विचारा.

दुसरी, नसली तरी चालेल पण असली तर मजा, ती म्हणजे हॉटस्पॉट. काही ४जी साध्या फोनमध्ये हॉटस्पॉट असतो. मग अडीनडीला साध्या फोनवरून प्लेअरला नेट देता येतं, टॅक्सी बोलावली, नकाशा बघितला, बंद केलं. पहिल्या रकान्यात दोन-तीनच गोष्टी असतील तर या एका सोयीने अख्खं कॉन्ट्रॅक्ट टळू शकतं. हॉटस्पॉटने त्या फोनची आठवडाभर टिकणारी बॅटरी भरभर उतरते, म्हणून कायम चालू ठेवायचा नाही.

पायरी ६: प्लेअरमध्ये भरायचं काय आणि किती

तुमच्याकडे स्वतःच्या फाइल आहेत का सगळं स्ट्रीमिंगवर आहे, यावर बरंच अवलंबून आहे.

फाइल असतील तर सोपं. ३२० केबीपीएसचं एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी, म्हणजे चार मिनिटांचं गाणं साडेनऊ-दहा एमबी, ३२ जीबीत तीन हजारांच्या पुढे गाणी बसतात. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक, म्हणजे आवाज न घटवता साठवलेली फाइल, घेतलं तर तेच गाणं वीस ते तीस एमबी होतं आणि गाणी हजार-दीड हजारावर येतात. बसमध्ये, रस्त्यावर, साध्या इअरफोनवर या दोहोंतला फरक बहुतेकांना ओळखू येत नाही, ज्यांना येतो ते हा लेख वाचत नसतील. फाइलना नाव, गायक, अल्बम नीट भरून घ्या, नाहीतर प्लेअरमध्ये सगळं "अज्ञात कलाकार" या एका ढिगात पडतं आणि मग शोधत बसा.

स्ट्रीमिंग असेल तर उतरवलेली गाणी ही तुमची फाइल नसते, त्या अ‍ॅपमध्येच कुलूपबंद असते. स्पॉटिफायचं उदाहरण घ्या, पैसे भरणाऱ्याला एका उपकरणावर १०,००० पर्यंत गाणी उतरवता येतात, जास्तीत जास्त ५ उपकरणांवर, आणि ३० दिवसांत एकदा तरी नेटला जोडावं लागतं नाहीतर उतरवलेलं वाजत नाही. घरी वाय-फाय असलेल्याला यात काही अडचण नाही. घरी वाय-फायच नसेल तर मात्र वेगळ्या अँड्रॉइड प्लेअरचा अर्धा उपयोग गेला, मग एकतर स्वतःच्या फाइल नाहीतर स्मार्टफोन.

ऑडिओबुक ऐकणाऱ्यांनी अजून एक तपासावं, प्लेअर बंद करून चालू केला तर जिथे थांबलात तिथूनच सुरू होतं का. छोट्या स्वस्त प्लेअरवर नऊ तासांची फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली की माणूस प्लेअर फेकायलाच निघतो.

पायरी ७: दोन वस्तू सांभाळायच्या म्हणजे

कानात प्लेअरची गाणी आणि खिशात फोन वाजतोय, कळतच नाही, ही दोन उपकरणं बाळगणाऱ्यांची जुनी तक्रार. यावर उपाय आहे. मल्टिपॉइंट असलेला ब्लूटूथ हेडफोन घ्या, तो एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेला राहतो, फोन आला की गाणं थांबून कॉल कानात येतो. साध्या फोनला ब्लूटूथ आहे ना तेवढं बघा. वायरवाले हेडफोन असतील तर फोन व्हायब्रेटवर, अंगाला लागून असलेल्या खिशात.

चार्जर आता पूर्वीइतका त्रासाचा राहिला नाही. युरोपीय संघात डिसेंबर २०२४ पासून नवे फोन, हेडफोन, इअरबड यांना यूएसबी-सी सक्तीचं झालं आणि त्याचा परिणाम इतरत्रही दिसतोय. जुनं किंवा अगदी स्वस्त सामान घेतलंत तर अजूनही वेगळी वायर लागू शकते.

एक फायदा मात्र हिशोबात येत नाही. गाणी, व्हिडिओ ऐकून-बघून प्लेअरची बॅटरी संपली तरी फोन जिवंत असतो. लांबच्या प्रवासाला हे फार कामाचं. आणि एक हरवलं तरी दुसरं राहतं, अर्थात हरवण्याच्या वस्तूही दोन झाल्या.

पायरी ८: पैसे भरायच्या आधी पंधरा दिवस नाटक करून बघा

ज्यांच्याकडे सध्या कुठलाही स्मार्टफोन आहे त्यांना हे फुकटात करता येतं. घराबाहेर पडताना मोबाइल डेटा बंद. कॉल-एसएमएस चालू, वाय-फाय मिळेल तिथे वापरा, गाणी आणि नकाशे घरून भरून न्या. जेव्हा जेव्हा डेटा चालू करावाच लागला तेव्हा कशासाठी ते लिहा. ही यादी पायरी १ च्या यादीपेक्षा खरी असते, कारण तिथे आपण थोडं स्वतःच्या मनाचं लिहितो.

पंधरा दिवसांत क्वचित कधीतरी डेटा चालू केलात, तर साधा फोन, हॉटस्पॉट आणि प्लेअर तुम्हाला जमेल. रोज दोन-तीनदा करावा लागला तर स्मार्टफोनच घ्या, स्वतःशी भांडत बसू नका, पण रोख आणि नुसतं सिम जमतंय का ते आधी बघा. नवाच हवा असंही नाही, एक पिढी जुनं मॉडेल किंवा दुरुस्त करून वॉरंटीसकट विकलेला फोन घेतला की ती १०० ची रक्कम बरीच खाली येते आणि मग हप्त्याची गरजच उरत नाही. वापरलेला घेताना आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, तपासा, चोरीचा किंवा हप्ते थकलेला फोन बऱ्याच ठिकाणी नेटवर्कवर ब्लॉक करतात. *#०६# डायल केलं की तो नंबर स्क्रीनवर येतो.

कॉन्ट्रॅक्ट मी कोणाला सुचवेन? ज्याचा हप्ता त्या ६.७५ वाल्या हिशोबात बसतोय, ज्याला तेवढा डेटा खरंच लागतो, आणि ज्याचं उत्पन्न पुढची दोन वर्षं बऱ्यापैकी नक्की आहे. नोकरी बदलायची आहे, देश बदलायचा आहे, शिक्षण संपत आलंय, अशा वेळी २४ महिन्यांची सही करू नका, हप्ता कितीही छोटा असो. शाळकरी मुलासाठी घेत असाल तर साधा फोन आणि छोटा प्लेअर हे जवळपास नेहमीच बरं पडतं, फुटलं तरी कराराचे हप्ते मागे लागत नाहीत.

सही करायचीच ठरवली तर तीन कामं त्याच दिवशी करा. कराराची प्रत स्वतःकडे घ्या. परत करायची मुदत किती आहे ते विचारा, युरोपीय संघात ऑनलाइन किंवा फोनवरून घेतलेल्या करारासाठी ती १४ दिवस असते, इतरत्र कंपनीगणिक बदलते, आणि त्या मुदतीत घरात, कामाच्या जागी, रोजच्या रस्त्यावर नेटवर्क नीट मिळतंय का ते तपासून टाका. आणि कॅलेंडरमध्ये करार संपायच्या एक महिना आधीची तारीख टाका, त्या दिवशी कंपनीला फोन करून नुसत्या सिमच्या प्लॅनवर जायचं आणि लॉक असेल तर उघडून मागायचा. ते नवा फोन घ्या म्हणून मागे लागतील, त्यांचं ते कामच आहे.